रान तोडून वैरण: हिशेब पाण्यापासून मांडा

संगमेश्वर तालुक्यातील एक वाचक विचारतात: ऐन, किंजळ, जांभूळ असलेले चार एकर उताराचे वडिलोपार्जित रान लाकडाचा ठेकेदार तीन लाखांना मागतो आहे. ते तोडून नेपियर गवत लावावे आणि दहा म्हशींचा गोठा उभारावा का? रानाखाली विहीर आणि अर्धा एकर सपाट जमीन आहे.

आपल्या मांडणीत दूध, पेंड, कर्जाचा हप्ता सगळे आहे, फक्त पाणी नाही, आणि माझ्या मते निर्णय पाण्यावरच ठरेल. दहा म्हशींना रोज अडीचशे किलो हिरवी वैरण धरली, तर वर्षाला सुमारे 91 टन लागते. नेपियर तेवढे देते, पण बारमाही पाण्यावर. कोकणातल्या उघड्या उतारावर पावसानंतर गवत वाळू लागते आणि उन्हाळाभर वैरण विकत आणावी लागते. आपली विहीर मेपर्यंत टिकते, ती वरच्या रानात पातेऱ्याखाली (गळलेल्या पानांच्या थराखाली) मुरलेल्या पाण्यावर. जांभ्या खडकावर मातीचा थर वीतभर असतो. जेसीबीने बुंधे उपटले की पहिल्या एकदोन पावसाळ्यांतच ती माती वहाळात जाण्याची भीती आहे, आणि मग गोठ्याच्या आधी विहीर आटेल.

तीन लाख रुपये सात टक्के व्याजाने ठेवले तर वर्षाला 21,000 रुपये मिळतील. रानातून मिळणारे राबाचे (भाताच्या रोपांची जागा भाजण्याचे) टहाळ, सरपण आणि पातेरा विकत घ्यायचा झाला तर किती पडेल, तेही एकदा लिहून काढा. शिवाय दुधाचे उत्पन्न शेतीउत्पन्न धरले जात नाही, त्यावर प्राप्तिकराचे नियम लागू होतात.

ही तिन्ही झाडे 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, म्हणजे परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ असा शेरा असेल, तर खाजगी वने सरकारकडे घेण्याच्या 1975 च्या कायद्यामुळे मालकीचाच प्रश्न उभा राहतो. ठेकेदाराच्या तोंडी हमीवर कृपया इसार घेऊ नका.

रान राखून सपाट अर्ध्या एकरात विहिरीच्या पाण्यावर नेपियर घ्या. नीट जोपासले तर तेथे वर्षाला 30 टनांपर्यंत वैरण निघू शकते आणि तीन म्हशींना सुमारे 27 टन पुरते. सुरुवात दोन म्हशींनी करा, आणि दोघींचा भाकड काळ एकाच वेळी येणार नाही असे पाहून खरेदी करा. येत्या मार्च ते मे दर आठवड्याला विहिरीतले पाणी दोरीने मोजून वहीत लिहा. तिसरी म्हैस त्या नोंदी पाहूनच घ्यावी.