फॉरवर्ड केलेलं वचन आणि बंद पडलेली बोट

प्रश्न: फादर, आम्ही वसईच्या किनाऱ्यावरचे ख्रिस्ती कोळी, स्वतःची बोट आहे. गेल्या सीझनला ऐन पापलेटच्या दिवसात इंजिन बसलं, कर्ज काढून दुरुस्त केलं तर महिन्याभरात परत तेच. त्यात मुलाला जहाजावर लावतो म्हणून एजंटने पैसे खाल्ले. चर्चला जो भेटतो तो म्हणतो देवाची योजना असेल, विश्वास ठेव. परवा एका बाईने बायबलमधलं यिर्मया 29:11 हे वचन व्हॉट्सॲपवर पाठवलं, गुलाबाच्या फोटोवर, तर मी फोनच आपटला. नवरा म्हणतो बोट विकू, सासूबाई म्हणतात थांबा, देव मार्ग दाखवील. देवावर रागावणं पाप आहे का? नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला पण मन लागत नाही.

उत्तर: ताई, फोन फुटला नाही ना? मी स्वतः मयताच्या घरी जाऊन ‘देवाची योजना असेल’ हेच वाक्य बोललोय, समोरच्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती अजून आठवते, तेव्हापासून जपून बोलतो.

पण वचनावर राग धरू नका, ते कोणाला लिहिलं ते बघा. यरुशलेमहून बाबेलला पकडून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवलं, घरदार, मंदिर सगळं मागे राहिलेली माणसं ती. तुमच्याविषयी माझे विचार हिताचे आहेत असं देव त्यांना सांगतो, पण त्याच्या अगदी वरचं, दहावं वचन कोणी फॉरवर्ड करत नाही, त्यात म्हटलंय 70 वर्षं लागतील! म्हणजे पत्र ऐकणारे कितीतरी जण तिथेच मरणार होते. हनन्या नावाचा एक संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत मिळेल म्हणून सांगत होता, तो खोटा निघाला. आणि तोवर काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, असं त्याच पत्रात आहे. हात जोडून वाट बघत बसा असं कुठेच नाही.

आपल्या वसईचाच गोन्सालो गार्सिया बघा. जपानात जेजुइट फादरांबरोबर धर्मशिक्षक म्हणून राबला, त्यांच्या संघात यायची फार इच्छा, पण घेतलं नाही. मग व्यापारात पडला, पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, दुभाषा म्हणून परत जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर गेला. 1862 मध्ये संत ठरला हे आपल्याला माहीत, पण नकार ऐकला त्या दिवशी त्याच्या हातात काय होतं? काहीच नाही. योजना मागे वळून दिसली तर दिसते, आणि कधीकधी तेव्हाही दिसत नाही, हे मी फादर असून सांगतो.

एजंटचं मात्र देवाच्या माथी मारू नका हं. फसवलं त्या माणसाने, पाप त्याचं, पावत्या आणि मेसेज घेऊन पोलिसात तक्रार द्या. बायबलातल्या रोमकरांस पत्रात देव सगळ्यातून भलं घडवतो असं आहे, जे घडलं ते सगळं भलंच असं नाही.

बोटीचं उत्तर बायबलमध्ये शोधू नका. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, बोट वर ओढलेलीच असेल, तेवढ्यात दुसऱ्या मेकॅनिकला इंजिन उघडून दाखवा, ज्याने आधी दुरुस्त केलं त्याला नको. नवीन इंजिनाचा आणि बोट विकून येणाऱ्या पैशाचा हिशोब कागदावर मांडा, मच्छीमार सोसायटीत कर्जाचे हप्ते वाढवून मिळतात का विचारा. सासूबाईंना पण बसवा त्या हिशोबाला, तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त सीझन त्यांनी बघितलेत.

आणि रागावणं पाप नाही. स्तोत्र 13 काढा, जेमतेम सहा वचनं, सुरुवातच ‘किती वेळ?’ अशी आहे. नोव्हेनाला मन लागत नसेल तर मागच्या बाकावर नुसत्या येऊन बसा, प्रार्थना तोवर आम्ही म्हणतो.