पेन ड्राइव्हवरून आलेलं अपडेट

प्रश्न : सदाशिव पेठेत माझं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याने पेन ड्राइव्हवरून निम्म्या दरात टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या फायली लॉक, स्क्रीनवर पैशांची मागणी. तो हात झटकतोय. वर ‘सगळं फॉरमॅट करून देतो’ म्हणतोय. भरपाई मिळेल का?

उत्तर : मागता येईल. पण आधी ते फॉरमॅट थांबवा, नाहीतर पुरावाच पुसला जाईल.

मला खटकलं ते ‘निम्म्या दरात’. कंपनीचं पक्कं बिल आहे ना? सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम 63-बी खाली गुन्हा आहे, आणि समोरचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवेल. बिल नसेल तर तक्रारीआधी वकिलाला खरं काय ते सांगा.

बिल असेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 43 लावता येईल; मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घातला तर भरपाई, असं ते कलम. तुम्ही होकार दिला तो अपडेटला, व्हायरसला नव्हे. भरपाईचा अर्ज राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे करायचा; 5 कोटींपर्यंतचे दावे तिथेच चालतात, दिवाणी कोर्टात नाही. त्याच कायद्याच्या कलम 66 खाली फौजदारी करायची तर लबाडीचा हेतू दाखवावा लागतो. इथे मला तरी आळसच दिसतो.

सगळं अडतं ते फाइल आली कुठून यावर. जाणकाराकडून डिस्कची प्रत काढून घ्या आणि त्या फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ बघायला सांगा. कंपनीची सही नसेल किंवा मोडलेली असेल, तर तुमची बाजू भक्कम. फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून ठेवा : कंपनीच्या मूळ फाइलशी ताडायला ती लागेल, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रातही तीच भरावी लागते.

सही खरी निघाली तर मात्र रोख कंपनीकडे वळतो. असं घडलेलं आहे. 2017 मध्ये युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्याच सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला आणि त्याची झळ आपल्या न्हावा-शेवा बंदरापर्यंत पोचली. अशा वेळी कॉम्प्युटरवाल्याला धरून फारसं हाती लागत नाही.

आणखी एक. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचा असतो. हे फक्त मोठ्या कंपन्यांपुरतं आहे असं समजू नका. मुदत टळली असली तरी आजच ईमेल करा, सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या, आणि त्यानंतरच कॉम्प्युटरवाल्याला नोटीस पाठवा.