क्राइम मालिका आणि तुमचं मूल: प्रश्नोत्तरे

पत्रं वेगवेगळ्या घरांतली, गोंधळ मात्र तोच. म्हणून पुन्हा एकदा उत्तरं देते आहे.

प्रश्न: मालिकेवर ‘१६+’ लिहिलंय. मुलीला सोळा पूर्ण व्हायला दोन महिने आहेत. चालेल का?

दोन महिन्यांनी काही बिघडत नाही. पण आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत हिंसा, लैंगिक अत्याचार, आत्महत्या असं काय लिहिलंय, ते आधी वाचा.

प्रश्न: रक्तपात फारसा नाही, असं सगळे म्हणतात. मग तेरा वर्षांच्या मुलाला दाखवायला हरकत नाही ना?

हे ‘सगळे’ कोण? त्यांनी शेवटच्या भागापर्यंत बघितलीय का? रक्तावरून मालिका जोखू नका, असं मी वर्षानुवर्षं सांगते आहे. २०२५ची ‘अॅडोलसन्स’ घ्या. चारच भाग. वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप असलेला तेरा वर्षांचा मुलगा. तिसऱ्या भागात तो मानसतज्ज्ञ बाईंसमोर बसून बोलतो, बस्स. पण ते बोलणं मोठ्यांनाही झेपत नाही. म्हणून कुठलीही मालिका असो, कॅमेरा बळी पडलेल्या बाईच्या देहावर रेंगाळतो का? खुनी रुबाबदार आणि पोलीस बावळट आहेत का? मेलेल्या माणसाच्या घरी पुढे काय झालं, ते दिसतं का? हे बघा.

आणि आत्महत्येची पद्धत दाखवली असेल, तर माझं उत्तर ‘नको’. ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या मालिकेतलं तसं दृश्य २०१७मध्ये आलं आणि २०१९मध्ये काढून टाकलं. मधली दोन वर्षं मुलं ते बघतच होती.

माझ्याकडे आलेला एक चौदा वर्षांचा मुलगा एका मालिकेतला बाथरूमचा प्रसंग सांगताना बाहीचं टोक बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. आईने पहिला भाग बघून परवानगी दिली होती. पहिला भाग बहुतेकदा सौम्यच असतो, प्रेक्षक धरून ठेवायचा असतो ना! तुम्ही निदान मधला एक आणि शेवटचा भाग बघा. मूल हळवं असेल, घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर आधी समुपदेशकांशी बोला.

प्रश्न: मुलगा रात्री दोनपर्यंत एकामागून एक भाग बघतो.

पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन आजच बंद करा. किशोरवयात ८ ते १० तास झोप लागते.

प्रश्न: मुलीने मैत्रिणीच्या फोनवर अख्खी मालिका बघून टाकली. रागवावं का?

नाही. ‘कुठला प्रसंग सारखा आठवतो?’ एवढंच विचारा आणि ती बोलेपर्यंत गप्प बसा.

प्रश्न: मालिका बघितल्यापासून तीन आठवडे मुलगा दिवा लावून झोपतो, शाळेत जायला नको म्हणतो. भीती आपोआप जाईल का?

तीन आठवडे थांबलात, तेच फार झालं. याच आठवड्यात बालमानसतज्ज्ञांना दाखवा. मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा एकदा जरी तोंडून आली असेल, तर आजच जा आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.