कोल्हापूरजवळच्या गावातून अग्निशमन दलात स्वयंसेवक म्हणून भरती होता येतं का?

थेट नाही. अमेरिकेत छोट्या गावांचं अख्खं दल स्वयंसेवकांवर चालतं, तशी पद्धत आपल्याकडे नाही. महापालिकेच्या दलात फायरमन व्हायचं तर दहावी, मुंबईच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स, पुरुषांना १६५ सेंमी उंची आणि मग जाहिरातीची वाट बघणं आलं.

पगार नको, नुसतं कामाला यायचंय? मग 'आपदा मित्र' ही आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांची सरकारी योजना बघा. वय १८ ते ४०, प्रशिक्षण १२ दिवसांचं. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी करा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फूट, म्हणजे धोका पातळी ओलांडली की पहिली गरज बोट वल्हवणाऱ्या पोरांचीच लागते, हे २०१९ ला सगळ्यांनी बघितलंय.

आगीचं म्हणाल तर आधी होज हातात धरून बघा. कोरडा पाईप हलका वाटतो, पण पाणी सुटलं की एकट्याला आवरत नाही. नोझलवर एक आणि त्याच्या मागं पाठीला पाठ लावून नव्हे, खांदा देऊन दुसरा लागतोच. जिममधली ताकद इथं फारशी कामाची नाही, पाय रोवून उभं राहता आलं पाहिजे.

आणि उसाचा फड पेटला तर पोरं पाण्याच्या बादल्या घेऊन धावतात. त्यापेक्षा वाऱ्यानं आग जिकडं सरकतेय त्या बाजूचं पाचट ओढून मोकळा पट्टा पाडा, तोही स्वतःला पळायला वाट ठेवूनच. १०१ मात्र त्याआधी फिरवा, गाडी शहरातून यायला वेळ लागतो.