घारापुरीला पुन्हा जाण्यापूर्वी

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले चाळीस फोटो पाहिले. अडतीस फोटोंत त्रिमूर्तीच आहे. घारापुरीचे चित्रकार आणि छायाचित्रकार हा विषय तू निवडलास याचा मला फार आनंद झाला, म्हणून थोडे स्पष्टच लिहितो.

आधी कार्स्टन नीबूर वाच. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेत तो मोजणीचे आणि नकाशांचे काम करायचा. चित्रे काढायला बाउरेनफाइंड नावाचा वेगळा कलाकार होता, पण 1763 साली मुंबईकडे येताना तो वाटेत समुद्रातच वारला. मग नीबूरने स्वतःच पेन्सिल हातात घेतली. तो या बेटावर तीन वेळा गेला. माणूस मोजणीचा, त्यामुळे कुठे काय आहे हे तो नीट बघत राहिला. तू एकदाच गेलास, तेही भर दुपारी, रविवारच्या गर्दीत.

डोळ्यांना दिसते त्यात आपल्या डोक्यातलेही मिसळते, हे विसरू नकोस. अर्धनारीश्वराचा एकच स्तन पाहून युरोपातल्या जुन्या प्रवाशांना ग्रीक कथांमधली ॲमेझॉन योद्धी आठवली. समोर शिव-पार्वती होते, पण त्यांना ती ओळख नव्हती. तू तिथलाच, तुला ओळख आहे. मात्र ओळख असली की माणूस बघायचे थांबतो, हा धोका तुला जास्त.

जेम्स वेल्स 1791 साली मुंबईत आला. लेण्यांच्या चित्रांसाठी तो अक्षरशः झिजला आणि कान्हेरीचे काम चालू असतानाच 1795 साली तापाने गेला. पुण्याचा गंगाराम तांबट त्याच्याबरोबर काम करायचा. गंगारामने वेरूळची लेणी रेखाटली, आणि त्या काळच्या आपल्या माणसाच्या हातची अशी रेखाटने आज फार थोडी उरली आहेत. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी घारापुरीचे प्रवेशद्वार आणि आतले खांब काढले, ते तुला ठाऊक आहेच.

1871 साली जेम्स बर्जेसचे घारापुरीवरचे पुस्तक निघाले, त्यात डी. एच. साइक्सची छायाचित्रे आहेत. ओल्या काचेचा तो जमाना होता. काचेवर रसायन ओतायचे, ते ओले असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. म्हणजे काळोखी खोलीसुद्धा सोबतच न्यायची. एकेका फोटोमागे केवढी तयारी! तुझ्या कॅमेऱ्याला ती लागत नाही, म्हणून ती तू मनात कर. मुख्य दार उत्तरेला, त्रिमूर्ती दक्षिणेच्या भिंतीत खोल, आणि पूर्व-पश्चिमेच्या चौकांतून आडवा उजेड येतो. पहिल्या लाँचने जा. वीस मिनिटे कॅमेरा पिशवीतच राहू दे, डोळे अंधाराला सरावले की गालांची गोलाई आपोआप दिसू लागते. ऐन तारुण्यात मी तिथे फ्लॅश मारून अख्खा रोल वाया घालवला होता. सगळे चेहरे चपट्या पत्र्यासारखे आले.

आता खरे सांगायचे ते. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो 1864 साली विलायतेला न्यायच्या खटाटोपात फुटला. जोडलेला हत्ती आज राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. निदान त्याच्या नोंदी तरी झाल्या. पण शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर इथल्या माणसांचे काय? चित्र काढणारे बहुतेक सगळे होडीने आले आणि संध्याकाळी परतले. गावकरी चित्रात आले ते खांबाची उंची कळावी म्हणून. समुद्राखालून केबल टाकून या गावांत वीज पोचली तीच मुळी 2018 साली.

तेव्हा पुढच्या खेपेला पायऱ्या चढण्याआधी गावात वळ. ट्रंकेत ठेवलेले लग्नाचे, होडीचे, शाळेचे फोटो दाखवाल का, असे म्हाताऱ्या आजींना विचार. तुझ्या विषयातले छायाचित्रकार तिथेही सापडतील, फक्त त्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. मूळ फोटो बेटाबाहेर आणू नकोस, तिथेच उजेडात ठेवून त्याची प्रत घे. फोटोत कोण आहे, कोणी काढला, कोणत्या साली, हे आजी सांगतील त्याच शब्दांत वहीत लिही. प्रत छापून त्यांना परत नेऊन दे.

सोमवारी लेणी बंद असतात. तो दिवस गावासाठी ठेव.

तुझा,
काका