हवाई वाहतुकीचं नियोजन सुधारलं तर विमानांचं प्रदूषण खरंच कमी होतं का?

तुम्ही लिहिलंय की नागपूरहून मुंबईला येताना विमान पाऊण तास वरच फिरत राहिलं, खिडकीतून तीच खाडी तीनदा दिसली. आणि विचारलंय की हे नियोजन सुधारून पर्यावरणाला काही फायदा होतो, की हा नुसता परिषदांमध्ये बोलायचा विषय आहे?

फायदा होतो. मी २३ वर्षं एका विमान कंपनीत डिस्पॅचला होते. उड्डाणाआधी मार्ग आणि हवामान बघून किती इंधन घ्यायचं, याचा हिशेब कॅप्टनपुढे ठेवायचा, हे माझं काम. त्यामुळे मला हा सगळा विषय किलोमध्येच दिसतो.

तुम्ही अनुभवलंत त्याला होल्डिंग म्हणतात. लंबगोल आकाराची एक फेरी साधारण चार मिनिटांची. विमानं एकावर एक हजार-हजार फुटांचं अंतर ठेवून फिरत असतात, सगळ्यात खालच्याला आधी सोडतात, मग वरचे एकेक पायरी खाली येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच म्हटलं होतं की मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात आणि विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन खातं. एक किलो इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो. म्हणजे एका विमानाच्या तासाभराच्या घिरट्यांचे सहा टनांहून जास्त. कुठेही न पोचता.

मुंबईचं दुखणं जुनं आहे. धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. मंत्रालयाने तेव्हा गर्दीच्या वेळची उड्डाणं-अवतरणं तासाला ४६ वरून ४४ केली. लोक हसले, दोनाने काय होणार? पण टोलनाका आठवा. नाक्याची क्षमता पूर्ण भरलेली असताना दोन गाड्या जास्त आल्या, की त्या दोघीच थांबत नाहीत, मागची अख्खी रांग थांबते आणि ती पुढचे दोन तास ओसरत नाही. माझ्या मते कुठल्याही नव्या यंत्रणेपेक्षा वेळापत्रकात ठेवलेली ही थोडीशी फट जास्त इंधन वाचवते. कंपन्यांना अर्थात ती आवडत नाही.

आता एक गोष्ट, जी बाहेर फारशी कुणी बोलत नाही. घिरट्या इंधन खातात, तशी घिरट्यांची धास्तीही खाते. ‘मुंबई आहे, थोडं जास्त टाका,’ हे वाक्य मी किती कॅप्टनांकडून ऐकलं असेल, मोजदाद नाही. त्यांचं चूक नव्हतं, मीही टाकलंच असतं. पण जास्तीचं इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं, ढोबळमानाने दर तासाला त्या वजनाच्या तीन-चार टक्के. दिल्लीहून एक टन जादा उचललं तर मुंबईला पोचेपर्यंत त्यातलं साठ-सत्तर किलो ते स्वतःला वाहण्यातच संपतं. उतरायला लगेच मिळालं तरीसुद्धा. वरती किती थांबावं लागेल हे निघतानाच खात्रीने कळलं, तर हा खर्च उरत नाही.

म्हणून आता थांबायचंच असेल तर जमिनीवर थांबवतात. मुंबईत रांग लागणार असं दिसलं की नागपूरच्या विमानाला उड्डाणाची ठरावीक वेळ दिली जाते, त्याआधी निघायचं नाही. इंजिनं बंद, शेपटीतलं छोटं इंजिन चालू, ते तासाला शंभर-सव्वाशे किलोच्या आसपास खातं. आत बसलेले प्रवासी मात्र जाम वैतागतात, आणि तेच प्रवासी वर घिरट्या घालताना निवांत झोपतात! लंडनच्या हीथ्रोसाठी याचंच दुसरं रूप वापरतात. २०१४ पासून शेजारी देशांचे हवाई वाहतूक नियंत्रकही तिकडे येणाऱ्या विमानांना ३५० सागरी मैल आधीपासून वेग कमी करायला सांगतात. वर गिरक्या मारण्यापेक्षा वाटेतच रमतगमत आलेलं बरं.

उतरण्याचंही तसंच. खंडाळ्याचा घाट उतरताना अॅक्सिलरेटर सोडला की गाडी आपसूक खाली येते. पण दर वळणावर पोलिसाने थांबवलं तर प्रत्येक वेळी पुन्हा रेस करावी लागेल. विमानाला टप्प्याटप्प्याने खाली आणलं की नेमकं हेच होतं, आणि कमी उंचीवर हवा दाट असल्याने ते जास्तच महाग पडतं. सलग उतार मिळाला तर इंधन वाचतं, खालच्या वस्तीला आवाजही कमी जातो. गर्दीच्या वेळी नियंत्रकाला ते देता येत नाही, कारण दोन विमानांमधलं अंतर आधी, इंधन नंतर. त्यात वाद नाही.

मार्ग सरळ करण्याला तर भरपूर वाव आहे. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितलं होतं की देशातलं फक्त ६० टक्के हवाई क्षेत्र नागरी विमानांना मोकळं आहे, बाकीच्या निर्बंधांत सूट दिली तर वर्षाला हजार कोटींचा फायदा होईल. लष्कराचा सराव नसेल त्या वेळी त्यांच्या क्षेत्रातून जाऊ देणं, एवढीच ती कल्पना. पण राजकारण आलं की नियंत्रकाचा इलाज चालत नाही. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना गुजरात, अरबी समुद्र असा वळसा पडला. आधी मिनिटामिनिटाने वाचवलेलं त्यात सहज वाहून गेलं असेल.

आकाशात उमटणाऱ्या पांढऱ्या रेषांचाही यात संबंध येतो, त्या उष्णता अडवतात. २०२३ मध्ये गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्सने ७० उड्डाणांची उंची थोडी बदलून पाहिली, रेषा ५४ टक्के कमी झाल्या, इंधन दोनेक टक्के जास्त लागलं. उपाय स्वस्त आहे, पण उंची बदलायला वरखाली जागा मोकळी हवी. गजबजलेल्या आकाशात ती आणायची कुठून?

एकूण किती कमी होईल? आयपीसीसी या हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या १९९९ च्या अहवालात हवाई वाहतुकीचं नियंत्रण सुधारून ६ ते १२ टक्के इंधन वाचेल असा अंदाज होता. त्यातलं काही तेव्हापासून पदरात पडलंय. भारतात नोव्हेंबर २००३ मध्ये २९,००० ते ४१,००० फुटांदरम्यान विमानांमधलं उभं अंतर २,००० वरून १,००० फूट केलं, एकदम सहा नव्या पातळ्या मिळाल्या आणि जास्त विमानांना हवी ती उंची. मला ते दिवस आठवतात, आमचे हिशेब एका रात्रीत बदलले. पण मोकळी झालेली जागा नव्या उड्डाणांनी भरायलाही वेळ लागला नाही, हेही खरं. टक्के वाचतात आणि एकूण टन वाढत राहतात.

नवी मुंबईचं विमानतळ झालं म्हणून घिरट्या संपतील असं समजू नका. दोन्ही इतके जवळ आहेत की उतरायच्या वाटा एकमेकींकडे बघूनच आखाव्या लागतात. परवा जुना सहकारी भेटला, त्याला विचारलं, ‘मुंबईसाठी हल्ली किती जास्त टाकता?’ म्हणाला, ‘हिवाळ्यात आता कमी मागतात. पावसाळ्यात तुमच्या वेळी होतं तेवढंच.’