इलेक्ट्रॉनिक वाद्यांतील किड्यांचा बंदोबस्त : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची मुलगी शिकते तो पाच सप्तकांचा कीबोर्ड गेल्या पावसाळ्यापासून बिघडत चालला आहे. तो चालू केल्यावर थोड्या वेळाने पट्ट्यांच्या फटींतून तांबूस रंगाचे बारीक किडे बाहेर येतात. दोन पट्ट्या आता मुळीच वाजत नाहीत आणि एक पट्टी कितीही हलक्या हाताने दाबली तरी पूर्ण जोरात वाजते. झुरळे मारण्याचा फवारा फटीतून आत मारला तर चालेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : फवारा आत मारू नये. फवाऱ्यातील द्रावक प्लास्टिकवर आणि पट्ट्यांखालच्या रबरावर परिणाम करते, त्यातील तेलकट अंश विजेच्या संपर्कबिंदूंवर बसतो, आणि डब्यातील वायू बहुधा ज्वलनशील असल्यामुळे वाद्य विजेला जोडलेले असताना फवारा मारणे धोक्याचेही आहे. एवढे करूनही किडे मरतीलच असे नाही, कारण उग्र वासाने ते वाद्यात आणखी खोल शिरतात.

आपल्या वर्णनावरून ही जर्मन झुरळाची पिल्ले असावीत. या जातीचे पूर्ण वाढलेले झुरळ जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीचे, फिकट तपकिरी असते आणि त्याच्या डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद उभ्या रेषा दिसतात. अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू सुमारे 3 मिलिमीटरचे असते, त्यामुळे दोन पट्ट्यांमधली फटही त्याला दारासारखी पुरते. कीबोर्डच्या आत अंधार असतो आणि वीजपुरवठ्याच्या भागाजवळ सौम्य ऊब असते. अशी जागा झुरळांना सोडवत नाही. वाद्य ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आले ते खोके अनेक घरांत जपून ठेवलेले असते, आणि त्या पुठ्ठ्याच्या नळ्यांसारख्या पोकळ थरांत झुरळांची वस्ती हमखास आढळते. ते खोके आधी घराबाहेर काढावे.

आता पट्ट्यांच्या बिघाडाविषयी. हलक्या दाबाला हलका आणि जोराच्या दाबाला मोठा आवाज देणाऱ्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली रबराच्या एका घुमटीत सहसा कार्बनचे दोन संपर्क असतात. पट्टी दाबली की आधी एक आणि लगेच दुसरा संपर्क खालच्या सर्किटच्या पाटीला टेकतो, आणि त्या दोहोंमधला क्षणाचा अंशभर वेळ मोजून यंत्र आपल्या बोटाचा वेग ठरवते. या दोहोंपैकी एकाखाली झुरळाची विष्ठा किंवा कातीचा तुकडा अडकला की ही मोजणी बिघडते. मग वाद्याच्या रचनेनुसार ती पट्टी गप्प तरी बसते, नाहीतर प्रत्येक वेळी पूर्ण जोराने वाजते. म्हणजे आपल्याला दिसणारी दोन्ही लक्षणे एकाच कारणाची असू शकतात आणि केवळ सफाईने जाऊ शकतात, ही यातली दिलासा देणारी गोष्ट आहे. मात्र ठरावीक अंतरावरच्या अनेक पट्ट्या एकदम बंद पडल्या असतील, तर सर्किटवरची एखादी सामाईक रेघ गंजून तुटली असण्याची शक्यता अधिक असते आणि ते काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे लागते.

सफाई करण्याआधी किडे संपवायला हवेत, आणि त्यासाठी विष वाद्याच्या आत न घालता झुरळांना त्या विषापर्यंत बाहेर आणावे, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. वाद्याची वायर काढून ठेवावी, बॅटऱ्या असतील तर त्याही काढाव्यात आणि संपूर्ण कीबोर्ड मोठ्या, जाड पॉलिथिनच्या पिशवीत ठेवावा. पिशवीत वाद्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने प्लास्टिकच्या एका झाकणात झुरळे मारण्याच्या विषारी जेलचे मुगाच्या दाण्याएवढे चार-पाच ठिपके ठेवावेत, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या ठेवाव्यात आणि तोंड घट्ट बांधावे. जर्मन झुरळ अन्नाशिवाय बरेच दिवस तग धरते, पण पाण्याशिवाय त्याचा निभाव साधारण दोन आठवड्यांपलीकडे लागत नाही. पिशवीतील कोरडी हवा आणि विषारी जेल ही दोन्ही आपले काम करतात. फिप्रोनिलसारखे कीटकनाशक असलेल्या जेलने मेलेल्या झुरळाचे शरीर किंवा त्याची विष्ठा खाऊन इतर झुरळेही मरतात, त्यामुळे बाहेर न येणाऱ्या लहान पिल्लांपर्यंतही विष पोहोचते.

पिशवी दोन आठवड्यांनी उघडण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. मादी आपली अंड्यांची कुपी पिल्ले बाहेर येण्याच्या बेतापर्यंत शरीराला चिकटवूनच फिरते. एका कुपीत सामान्यतः 30 ते 40 अंडी असतात आणि ती उबण्यास तीन-चार आठवडे लागू शकतात. म्हणून सहा आठवडे पिशवी बंद ठेवावी आणि मध्येच एकदा जेल बदलावे. याच काळात स्वयंपाकघरात, ओट्याखाली आणि फ्रिजच्या मागेही जेल लावावे, मात्र त्या ठिकाणी फवारा मारू नये, कारण फवाऱ्याचा अंश असलेल्या जेलला झुरळ तोंड लावत नाही. घरातील मूळ वस्ती तशीच राहिली, तर स्वच्छ केलेला कीबोर्ड पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भरेल.

सफाईच्या वेळी ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने मृत किडे आणि काती ओढून घ्याव्यात व तोंडाला मास्क बांधावा, कारण झुरळांच्या अवशेषांची धूळ दम्याच्या रुग्णांना, विशेषतः मुलांना, त्रास देते. सर्किटची पाटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने अगदी थोड्या ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. रबरावरील कार्बनचे ठिपके मात्र घासू नयेत, ते कोरड्या कापडाने अलगद टिपावेत. कीबोर्ड बाहेरच्या अडॅप्टरवर चालत असेल, तर त्याच्या आत येणारी वीज 9 किंवा 12 व्होल्टची असते आणि जपून उघडणारा माणूस हे काम घरी करू शकतो. ज्या वाद्यात, अॅम्प्लिफायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये 230 व्होल्टची वायर थेट आत जाते, ते घरी उघडू नये. वायर काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये जिवावर बेतण्याइतका विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा देवळाच्या कपाटात असतो. त्याच्या जाळीतून बारीक तांबड्या मुंग्या ये-जा करतात आणि तोंडात पांढरी अंडी घेऊन जाताना दिसतात. मंडळातील काही ज्येष्ठांना देवळात मुंग्या मारणे मान्य नाही. (एक वाचक, वाई)

उत्तर : ज्येष्ठांची भावना रास्त आहे आणि ती पाळूनही काम होऊ शकते. वायर काढलेला तानपुरा मोठ्या परातीत पालथ्या पातेल्यावर ठेवावा आणि परातीत बोटभर पाणी भरावे; पूर्वी दुभत्याच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, त्याचाच हा प्रकार आहे. तानपुऱ्यापासून परातीबाहेर एक लाकडी पट्टी पुलासारखी टेकवावी आणि तिच्या दुसऱ्या टोकाला ओलसर माती भरलेले, झाकण लावलेले मडके छोट्या भोकासह ठेवावे. तानपुरा उजेडात राहील असे पाहावे. उजेड पडणारी, कोरडी आणि सतत हलवली जाणारी जागा सोडून अंधारी व ओलसर जागा जवळच मिळाली, तर मुंग्या अंडी, पिल्ले आणि राण्या घेऊन स्वतःच तिकडे स्थलांतर करण्याची शक्यता मोठी असते. यास काही दिवस लागतात. ये-जा पूर्ण थांबल्यावर मडके दूर नेऊन ठेवावे.

एवढ्याने वस्ती हलली नाही आणि मंडळाची संमती मिळाली, तर 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम साखर व 1 ग्रॅम बोरिक अॅसिड विरघळवून त्यात भिजवलेला कापूस मुंग्यांच्या वाटेवर, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा. मिश्रण याहून तीव्र करू नये, कारण कामकरी मुंग्या वाटेतच मेल्या तर ते राणीपर्यंत पोहोचत नाही. घरांत राहणाऱ्या काही बारीक मुंग्यांच्या एकाच वारुळात अनेक राण्या असतात आणि फवारा किंवा खडू वापरला की त्या फुटून दोन-तीन ठिकाणी नवी वस्ती करतात. देवळात आज एका तानपुऱ्यात असलेल्या मुंग्या उद्या अॅम्प्लिफायरमध्ये आणि स्विचबोर्डातही दिसतील. डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे, परंतु त्यांची वाफ काही प्रकारचे प्लास्टिक मऊ करते, म्हणून वाद्याच्या पेटीत त्या नकोत. मुंग्या गेल्यावर आवाजाचे बटण फिरवताना खरखर येत राहिली, तर आत राहिलेली माती काढून घेण्यासाठी तानपुरा कारागिराला दाखवावा. प्रसादाचे ताट आणि तानपुरा एकाच कपाटात ठेवणे मात्र आजच बंद करावे.

प्रश्न : माझ्या सिंथेसायझरच्या पडद्याच्या काचेआड एक ठिपक्याएवढा किडा चालताना दिसतो. काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पडदा बोटाने दाबू नये. किडा चिरडला की त्याचा डाग काचेच्या आतच राहतो आणि तो बाहेरून पुसता येत नाही. एक-दोन मिलिमीटरचे, फिकट रंगाचे हे कीटक बहुधा जुन्या पुस्तकांत आढळणारे, इंग्रजीत ‘बुकलाइस’ म्हणतात ते असतात. ते चावत नाहीत किंवा वायर कुरतडत नाहीत. त्यांचे अन्न म्हणजे मुख्यतः बुरशी, त्यामुळे ते दिसले की वाद्यात ओल शिरली आहे असे समजावे. हवेतील सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली काही आठवडे राहिली तर त्यांच्या शरीरातील पाणी आटून ते मरतात. वाद्य बंद पेटीत सिलिका जेलसह तीन आठवडे ठेवावे आणि शक्यतो रंग बदलणारे नारिंगी मणी घ्यावेत, म्हणजे ते ओल शोषून भरले की लगेच कळते. पेटीत आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र ठेवले तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. मेलेला किडा सहसा पडद्याच्या कडेला गळून पडतो. मध्येच ठिपका राहिला आणि अक्षरे वाचण्यात त्याचा अडथळा होत नसेल, तर तो तसाच राहू द्यावा. तेवढ्यासाठी पडदा उघडताना त्याला जोडणारी नाजूक, चपटी केबल निखळली, तर बरे चालणारे वाद्य निकामी होण्याची भीती असते.